सरळ ठेवलेला डबा

३ फेब्रुवारी

बारक्या,

परवा फोन केला होता. तू "हॅलो" म्हणालास, मी "बारक्या" म्हणालो आणि तू ठेवून दिलास. वाईट वाटलं नाही असं नाही, पण गंमतही वाटली. चौदा वर्षांनी एका शब्दावरून आवाज ओळखलास. कान अजून शाबूत आहेत म्हणायचे तुझे. म्हणून आता कागद. फोन नुसता ठेवून देता येतो, पाकीट निदान फोडून बघावं लागतं. पत्ता आपल्या वर्कशॉपातल्या लेथवाल्याने दिला. त्याला बोलू नकोस, दोन महिने मी त्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो.

काम आहे. दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं असतं तर तुला त्रास दिला नसता.

टेकडीपलीकडचं गोल्फचं मैदान बंद झालं, तिथे आता इमारती होणार. साहेब लोकांना फिरवायच्या त्या छोट्या उघड्या गाड्या आठवतात? आपण कुंपणाच्या जाळीला नाक लावून बघायचो. मांजरीसारख्या यायच्या, आवाज नाही काही नाही. त्यातली एक मी उचलून आणली. भंगारच. सहाच्या सहा बॅटऱ्या मेलेल्या, त्यांच्याखालचा पत्रा ॲसिडने खाल्लेला, मोटर जळलेली. पण चाकं, स्टिअरिंग, मागचा ॲक्सल ठणठणीत.

तुझ्या वहिनीसाठी आणली. घरापासून वर्कशॉपपर्यंतचा चढ आता तिला होत नाही. गुडघे. आणि दुपारी वर येऊन शेडच्या दारात खुर्ची टाकून बसल्याशिवाय तिला करमत नाही, हे तुला मी काय सांगणार.

सगळे म्हणाले, नव्या बॅटऱ्या घाला, मोटर बदला, विषय संपला. मी म्हटलं, ज्या यंत्राला आवाज नाही त्याला कुठे दुखतंय हे विचारायचं कसं? सातवीत शाळा सोडल्यापासून मी या दोन कानांवर पोट भरलंय. तेव्हा आपल्या जुन्या वेल्डिंग सेटवरचं एक सिलिंडरचं डिझेल इंजिन काढलं आणि सीटखाली बसवलं. दोन आठवडे लागले. पट्टा जोडला, इंजिन सुरू केलं, पाय दाबला आणि गाडी मागे गेली.

पुन्हा केलं. पुन्हा मागे. लेथवाला पोट धरून हसत होता. म्हणाला, "बदलू नका मालक. वहिनींना मागे तोंड करून बसवा, त्यांना काय, पोचल्याशी मतलब!"

माझी चूक लक्षात आली असेलच तुझ्या. बॅटरीच्या मोटरच्या दोन तारा बदलल्या की ती उलटी फिरते. डिझेल फिरतं ते एकाच बाजूला, आणि नेमकं आपल्याला नको त्या. इंजिन वळवून बसवावं तर पुली चेसिसला घासते. म्हणजे चाळीस वर्षं इंजिनं बांधून मी जी गाडी तयार केली ती फक्त मागे जाते.

इंजिन माझं, गियर तुझे, अशी आपली वाटणी होती. पुढेही जाईल आणि मागेही, असं काहीतरी सुचव. मापं खाली लिहिली आहेत. उत्तर चार ओळींचं दिलंस तरी चालेल.

वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा दादा


१९ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही. तुझ्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. तरी लिहितो, कारण मागच्या पत्रात एक खोटं गेलं.

गुडघे नाहीत. हृदय आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून कागदावर चित्र काढलं. "तुम्ही मेकॅनिक ना? मग तुमच्याच भाषेत सांगते. पंप झिजलाय."

म्हटलं, "रिपेअर?"

"नाही होणार."

"बदली?"

"त्यांच्या तब्येतीला झेपणार नाही."

"म्हणजे लोड कमी करायचा."

"अगदी बरोबर. चढ बंद, धक्के बंद, धूर बंद."

मग मी विचारलं, किती चालेल? त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि उगाच खण उघडून काहीतरी शोधायला लागल्या. मी ओळखलं. गिऱ्हाईक विचारतं, अजून किती चालेल हो हे, तेव्हा आपणही असंच हात पुसायला फडकं शोधतो.

घरी येऊन मी गोष्ट घोळवत बसलो होतो, कसं सांगावं, कुठून सुरुवात करावी. तुझी वहिनी म्हणाली, "राहू दे. तुमच्या तोंडावर सगळं लिहिलंय. मला एकच सांगा, गाडी कधी होणार?" मग थोड्या वेळाने, "आणि बारकूला एकदा बघायचंय. तेवढं करा." तुझ्यावर चिडली की ती "भाऊजी" म्हणायची, आठवतं ना? या वेळी बारकू म्हणाली.

म्हणून आता मी गियरचं नुसतं निमित्त करत नाही. ये. दोन दिवसांसाठी ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, तिच्यापाशी बस. ती घरात आली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, आणि शाळेत कुणी मारलं तर तू आधी तिच्याकडे जायचास, माझ्याकडे कधीच नाही.

वर्कशॉपचं सांगायचं तर आता तीन शेड झाल्या. एक वेल्डरबाई आल्यात कामाला, पन्नाशीच्या. हात सोन्याचा आणि जीभ टॉर्चची. इंजिन बसवायची चौकट त्यांनीच जोडली. परवा इंजिनावर तात्यांचा तेलाचा डबा बघून म्हणाल्या, "हा असा पालथा का?"

मी सांगितलं, आमच्या तात्यांची पद्धत. इंजिनात तेल भरलं की डबा त्याच इंजिनावर उलटा ठेवायचा. उलटा दिसला की समजायचं भरलंय, हात लावायचा नाही. सरळ दिसला तर रिकामं आहे, भरा. बाप आणि दोन मुलगे, तिघांत एक डबा, विचारायची गरज नाही.

"का? तोंडाने सांगितलं तर काय होतं?"

"आमच्याकडे ती पद्धत नाही," मी म्हटलं.

"आणि उलटा ठेवायला कुणी विसरलं तर?"

मी त्यांना म्हटलं, कामाला लागा.

दादा


७ मार्च

बारक्या,

तुझं पाकीट पोचलं. वर "दादा" नाही, खाली सही नाही, मायना नाही, ख्यालीखुशाली नाही. एक कागद, त्यावर एक चित्र, बाण आणि आकडे. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ तू अजून मारतोस. मी ते चित्र टेबलावर पसरलं आणि बराच वेळ चित्र बघितलंच नाही, ते सातच बघत होतो.

मग चष्मा पुसला आणि चित्र बघितलं. दोन गियरच्या मधे तिसरा गियर. इतकं साधं! दोन एकमेकांना भिडले की एकमेकांच्या उलट फिरणार. मधे तिसरा घातला की दोघं एकाच दिशेला. आणि दांड्याने तो तिसरा मधे घेतला की गाडी एका दिशेला, बाहेर सरकवून दोघं भिडवले की उलट दिशेला. मी लेथवाल्याला दाखवलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. म्हणाला, "हा माणूस आपल्याकडे असायला हवा होता." आणि मग चित्रातले आकडे मोजायला लागला, कारण तू इथे का नाहीस हे त्याला माहीत आहे. म्हणजे त्याला वाटतं की माहीत आहे.

वहिनीला चित्र समजावून सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "हा मधला म्हणजे मी."

"म्हणजे?"

"तुम्हा दोघांच्या मधे हेच तर केलं जन्मभर. तुम्ही इकडे ओढणार, तो तिकडे. झिजायचं कुणी? मधल्याने." आणि हसली. हसताना मधे थांबली, दम घेतला, मग उरलेलं हसली. तो कागद आता तिच्या उशाशी आहे. मी नक्कल काढून काम करतोय.

तिसऱ्या गियरचे दात लेथवाला काढतोय. मी धक्क्यांच्या मागे लागलोय. एका सिलिंडरचं इंजिन म्हणजे थरथरणारच, आणि डॉक्टरीणबाईंनी धक्के बंद सांगितलेत. जुन्या ट्रकच्या इंजिनाखालचे रबर कापून चार कोपऱ्यांना बसवले. सीटवर पाण्याने भरलेला पेला ठेवून इंजिन चालवतो. पहिल्या दिवशी अर्धा पेला सांडला. आज कडेपर्यंत आलं, सांडलं नाही. धुराचा पाइप मागून वर नेला, छपराच्याही वर हातभर. वेल्डरबाई म्हणाल्या, "गाडी आहे का आगबोट?" म्हटलं, असू दे आगबोट.

तू आलास तर पहिली चक्कर तूच मार. नाही आलास तर निदान एवढं लिही की वहिनीला काय सांगू. ती मला रोज एकच विचारते, "त्याला लिहिलंत का?" मी म्हणतो, दोन पत्रं लिहिली. ती म्हणते, "पत्रं नाही हो. लिहायचं ते लिहिलंत का?"

लिहायचं ते म्हणजे काय, हे मी तिला विचारत नाही.

दादा


२६ मार्च

बारक्या,

आज गाडी पुढे गेली.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. हे वाचताना उभा असशील तर बस.

गियर बसवायला इंजिन आडवं केलं होतं, म्हणून तेल काढलेलं होतं. दुपारी गाडी ढकलत घरी आणली. वहिनीला तिच्यासमोर सुरू झालेली बघायची होती. ती ओट्यावर खुर्चीत बसली. मी तात्यांचा डबा घेतला, मापाने तेल भरलं, झाकण घट्ट केलं आणि फडक्याला हात पुसत होतो.

"भरलंत?" तिने विचारलं.

"भरलं."

"मग डबा उलटा ठेवा."

मला हसू आलं. "तुला गं कुठून ठाऊक आमची पद्धत?"

ती म्हणाली, "त्या दिवशी नव्हता ठेवलात."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. गाडीकडे बघत म्हणाली. बारक्या, मी इंजिनातला बारीकसा खटका रस्त्यापलीकडून ऐकतो. आणि हे वाक्य चौदा वर्षं माझ्या घरात, माझ्या शेजारी, न बोललेलं बसून होतं, ते मला कधी ऐकू आलं नाही.

आता सांगतो ते तुला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं ऐक.

बर्फाच्या कारखान्याचं इंजिन. आपण तिघांनी ते उघडून पुन्हा बांधलं होतं. त्याची तेलाची मापकाडी तुटलेली होती, म्हणजे आत किती तेल आहे हे सांगणारा डबा सोडून दुसरं काही नव्हतं. सकाळी नऊला मी तेल भरलं. पूर्ण. वहिनी चहाची किटली घेऊन दारात आली होती, तिने बघितलं. तेवढ्यात बर्फवाला मालक बाहेर गाडी उभी करून ओरडायला लागला, माझा माल वितळतोय, कधी देणार इंजिन. मी डबा हातात घेऊनच बाहेर गेलो. त्याला शांत केलं. त्याच्या गाडीत थोडं तेल कमी होतं तेही त्याच डब्याने घातलं, म्हणजे तेवढाच खूश. आत आलो, वहिनी किटली घेऊन निघतच होती, तिच्यासमोर डबा इंजिनावर ठेवला आणि पट्टा आणायला मागे गेलो.

डबा मी सरळ ठेवला.

दहाला तू आलास. सरळ डबा बघितलास आणि तात्यांनी शिकवलं तेच केलंस. तेल भरलंस आणि डबा उलटा ठेवलास. इंजिनात दुप्पट तेल. तात्यांनी हँडल मारलं. पुढचं आपण दोघांनी बघितलंय. इंजिन स्वतःचंच तेल ओढून पेटलं. डिझेलची नळी बंद केली तरी थांबेना, वाढतच गेलं, वाढतच गेलं. "हवा बंद करा!" असं ओरडलास तो तू. तात्या पोतं घेऊन हवेच्या नळीकडे धावले. आणि इंजिनाचं जड चक्र फुटून तात्यांना लागलं.

तीन दिवस तात्या दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तेल कुणी भरलं?" तू म्हणालास, "मी. पण डबा सरळ होता, तात्या." तात्यांनी माझ्याकडे बघितलं. लेथवाला होता, बर्फवाला होता, वहिनी पायथ्याशी उभी होती. मी म्हणालो, "उलटा होता. मी भरून उलटाच ठेवला होता. याने बघितलं नाही."

इतक्या वर्षांत कितीदा स्वतःशी घोळवलं की घाबरलो होतो, सुचलं नाही, बोलून गेलो. खोटं आहे. सुचलं होतं. म्हणायच्या आधी मी एक श्वास घेतला होता. तात्यांनी डोळे मिटले. त्यांना माझं खरं वाटलं की खोटं, मला माहीत नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांत मी तुला शेडच्या दारात, माणसांच्या देखत म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस, तुझा हात इंजिनाला नको. लोकांना वाटलं बापाच्या दुःखाने बोलला. तसं नव्हतं. तू डबा हातात घेतलास की मला बघवायचं नाही. मग गावात तुला कुणी काम देईना. त्या पोराने निष्काळजीपणाने बाप मारला, असं लोक म्हणायचे आणि मी मान खाली घालायचो. त्याला लोक माझा मोठेपणा म्हणायचे. तीन शेड त्या मोठेपणावर उभ्या आहेत.

आज वहिनीला विचारलं, "तुला माहीत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले," ती म्हणाली. "आज बोलाल, उद्या बोलाल. मग माझीच लाज वाटायला लागली, एवढी थांबले म्हणून." मग म्हणाली, "आता मला थांबायला वेळ नाही. आज लिहा."

लिहिलं. डबा सरळ होता, बारक्या. तू बरोबर बघितलं होतंस. तू पद्धतीने केलंस. चुकलो मी, आणि खोटं बोललोही मीच.

माफी मागायची माझी लायकी नाही, तिच्यासाठी मागतो. ये. ती वाट बघतेय.

दादा


२१ एप्रिल

बारक्या,

सोबत एक जुनं पत्र आहे, २६ मार्चचं. आधी ते वाच. मग हे.

वाचलंस? आता तारीख पुन्हा बघ.

ते पत्र मी त्याच दुपारी लिहिलं. पाकिटात घातलं, पत्ता घातला, तिकीट लावलं आणि वर्कशॉपच्या टेबलाच्या खणात ठेवलं. वहिनीने विचारलं, "टाकलंत?" मी म्हटलं, "टाकलं."

का, ते विचारू नकोस. मला वाटलं, उद्या टाकू. एक शब्द बदलायचा होता. मग वाटलं, गाडी नीट चालू दे, मग. मग वाटलं, तू कुणाला दाखवलंस तर? मला काय काय वाटलं त्याची यादी मोठी आहे आणि त्यात एकही गोष्ट धड नाही.

आणि गाडी चालली, बारक्या. काय सुंदर चालली! तुझा तिसरा गियर लोण्यासारखा. रोज दुपारी तीनला मी खाली जायचो, तिला बसवायचो, चढ चढून वर आणायचो. ती फाटकाकडे तोंड करून खुर्ची लावायला सांगायची. पहिले दोन दिवस म्हणाली, "आज पोचलं असेल." मग, "आज वाचलं असेल." मग, "सुट्टी मिळत नसेल." फाटकाशी कुठलीही गाडी थांबली की मान उचलायची. वेल्डरबाई तिला विचारायच्या, "कुणाची वाट बघता?" ती म्हणायची, "आमच्या बारकूची. येईल."

बाराव्या की तेराव्या दिवशी फाटकाशी गाडी थांबली, तिने मान उचलली नाही. मग स्वतःशीच म्हणाली, "असा नव्हता हो तो."

मी तिथेच होतो. हातात फडकं होतं. खण माझ्यापासून चार पावलांवर होता. मला तेव्हाही म्हणता आलं असतं, अगं, त्याला पोचलंच नाही, तो तसाच आहे जसा होता, असा आहे तो मीच आहे. मी हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

म्हणजे तुझ्यावर दुसऱ्यांदा खोटा आळ आला आणि या वेळीही तो मीच आणला. तुला पत्र मिळालं, सत्य कळलं, तरी तू आला नाहीस, असं समजून ती गेली. हे तुला कळायला हवं. हे मी तिला सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगतो.

११ तारखेला संध्याकाळ व्हायच्या आधी मी तिला खाली घेऊन निघालो. उतार होता, इंजिन रोखून धरलेलं, त्यामुळे आवाज मोठा. वळणापाशी ती काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काय?" ती पुन्हा काहीतरी म्हणाली. मी ओरडून म्हटलं, "थांब, घरी पोचल्यावर सांग!" तिने मान हलवली आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मला बरं वाटलं. मी इंजिन ऐकत होतो. चौथ्या रबरापाशी बारीक खडखड येत होती, कुठून येते ते शोधत मी गाडी चालवत होतो. दारात इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. तेव्हा कळलं की माझ्या शेजारी कसलाच आवाज नाही.

बॅटरीची गाडी असती तर ऐकू आलं असतं.

लेथवाल्याने तुला फोन केला आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी आलास. केस पांढरे झालेत तुझे. तात्यांसारखा चालायला लागलास. लोक तुला बघून कुजबुजत होते, "आता आला बघ." मी ऐकलं. तूही ऐकलं असशील. जाताना गाडीपाशी थांबलास, सीट उचललीस, वाकून बघितलंस. मी मागे येऊन उभा राहिलो. तू न वळता विचारलंस, "गियर नीट बसला होता?"

"बसला होता."

"आवाज करत होता?"

"नाही."

तू सीट खाली ठेवलीस आणि गेलास. चौदा वर्षांत आपण एवढंच बोललो. तेव्हाही पत्र खणातच होतं.

नऊ दिवस मी तो खण उघडला नाही. काल चहाच्या वेळी सगळ्यांना थांबायला सांगितलं. लेथवाला, वेल्डरबाई, तिन्ही शेडची माणसं. बर्फवाल्यालाही बोलावून घेतलं होतं. त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, डबा कुणी ठेवला, कसा ठेवला, दवाखान्यात काय बोललो. खणातलं पत्रही सांगितलं. लेथवाला लेथवर एक काम लावून आला होता, तो उठला आणि लेथ बंद करून आला. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये दिवसाढवळ्या अशी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली. बर्फवाला चहा टाकून निघून गेला. वेल्डरबाई म्हणाल्या, "हे वहिनींना माहीत होतं?" म्हटलं, अर्धं. त्यांनी तोंड फिरवलं. लेथवाला कालपासून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. आता तुझ्याबद्दल गावात कुणी काही बोललं तर तो सोडणार नाही, एवढं नक्की.

हे पत्र टाकायला मी स्वतः जाणार आहे. लेथवाल्याला सोबत नेणार आहे, पेटीत पडलेलं त्याने बघावं म्हणून.

तू येशील असं मी धरून चाललेलो नाही. बोलावण्याचा हक्क ज्या बाईला होता ती गेली. चित्र तिच्या उशाशी होतं, ते मी ठेवलंय, मागितलंस तर पाठवीन. गाडी कुणाला द्यायची नाही. खडखडणारं चौथं रबर बदललं. सकाळी इंजिनातलं सगळं तेल काढून टाकलं, थेंबसुद्धा ठेवला नाही. तात्यांचा डबा धुतला, पुसला आणि इंजिनावर ठेवला. सरळ. तो तसा का आहे आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, हे तिन्ही शेडमध्ये मी एकेकाला सांगितलंय. तोंडाने सांगितलंय.

दादा